रांधणारीचा घास

रविवारी सकाळी बाबानं मला परक्या बाईसारखी हाक मारली. मी खाटेशी पेजेची वाटी घेऊन उभी होते, चमचा त्याच्या ओठांपर्यंत नेला होता, आणि त्यानं मान हळूच बाजूला वळवून, दुसऱ्याच्या घरी गेलेला माणूस बोलतो तशा अदबीनं विचारलं, "बाई, तुमच्या खानावळीत मच्छी होत नाई का?" चमच्यातली पेज सांडली नाही. हात होता तिथेच राहिला. मी म्हटलं, "बाबा, मी पमी." त्यावर तो हसला, पण समोरच्याचा मान राखायला माणूस हसतो तसं ते हसू होतं. "असन, असन," तो म्हणाला. "माह्या पोरीचं नाव बी पमीच हाये."

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. दिवा सकाळीच लावून झाला होता, तुळशीच्या अकरा फेऱ्याही झाल्या होत्या. अंघोळ आणि दिवा झाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. सोमवार एकवेळ, गुरुवार एकवेळ, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत काही नाही. शेजारणी विचारतात, एवढं कशासाठी करता हो वहिनी, तर मी म्हणते, सवय झाली. खरं सांगायचं तर पहिला नेम भीतीपोटी धरला होता आणि बाकीचे त्याला सोबत म्हणून येत गेले. एकटा नेम फार जड असतो. त्या सकाळी मात्र हात जोडल्यावर काय मागावं ते सुचेना. मी नुसती दिव्याच्या वातीकडे पाहत राहिले आणि कानात त्याचं ते "बाई" वाजत राहिलं. गेल्या रविवारपर्यंत मी पमी होते. सोमवारी त्यानं मला माझ्या आईच्या नावानं, सुभद्रा म्हणून हाक मारली, तेव्हा वाईट नव्हतं वाटलं. आई होणं म्हणजे निदान त्याच्या घरातलं कोणी तरी होणं होतं. आता मी खानावळवाली झाले होते.

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून त्याला माझ्या घरी आणून सव्वीस दिवस झाले होते. कन्हानच्या घरी अंगणात पडला, डोक्यात रक्त साकळलं, डावा हात ढिला झाला. हात हळूहळू परत येत होता, धरून चालवलं तर चालत होता. पण जेवण गेलं ते गेलंच; दिवसाकाठी चार चमचे पेज आणि पाणी, तेवढ्यावर तो होता. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे, गिळता येतं त्यांना, ते गिळत नाहीत. सोमवारी घेऊन या, तोवर पोटात नीट काही गेलं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर नळीवाले एक म्हातारे होते. त्यांची सून दर दोन तासांनी नळीतून पातळ काही सोडायची आणि ते छताकडे पाहत राहायचे, आपल्या पोटात काय पडलं ह्याच्याशी आपला काही संबंध नसल्यासारखे. बाबाचे हात मला आठवत होते. जेवताना त्याची बोटं अशी चालायची की ताट वाजायचं नाही, भात सांडायचा नाही, आणि काटा तर त्याच्या तोंडातून असा निघायचा की जणू दातांनी त्याला आधीच सांगून ठेवलं आहे. हे सगळं उद्यापासून नळीत जाणार होतं.

"आई, आजोबा स्वतःहून मागून राहिले, तर करू ना मच्छी," भावना म्हणाली. भावना माझी सून. पियुष, माझा मुलगा, नोकरीला भिलाईला असतो, ही इथल्या शाळेत शिकवते. माहेर सावनेरचं, घरात आठवड्यातून दोनदा मटण-मच्छी. इथे लग्न होऊन आली तशी मैत्रिणीकडे जाऊन खाते आणि येताना तोंड धुऊन येते. मला सगळं ठाऊक आहे. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी लिहून दिलेला कागद तिनं फ्रिजवरून काढून माझ्यासमोर धरला. तळलेलं नको, तेल नको, मऊ भाज्या, अंडं, मासा चालेल.

"कशात करशील?" मी विचारलं. आमच्या घरात मच्छीचं भांडंच नाही.

तिनं ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एअर फ्रायर होतं. काळं, गुळगुळीत, पोट सुटलेल्या माणसासारखं. माझी साखर वाढली तेव्हा दिवाळीला तिनंच आणलं होतं, तेलाशिवाय सगळं होते म्हणून. वर्षभर त्यात माझ्या उपासाची रताळी भाजली, साबुदाण्याचे वडे झाले, फल्लीदाणे भाजले. घरातलं तेवढं एकच यंत्र मी देवाच्या भांड्यांसारखं पुसून ठेवते.

"त्यात माझे उपास होतात वं," मी म्हटलं.

"धुतलं की झालं, आई. रताळ्याले काही समजत नाही."

बाहेरच्या खोलीत आमचे हे, म्हणजे मनोहरराव, पेपर वाचत होते. पेपराच्या मागूनच म्हणाले, "करून टाका. मी आमच्या मायच्या फोटोले भिंतीकडे तोंड करून ठेवतो."

"राहू द्या पप्पा," भावना म्हणाली, "आजीलेही पाहू द्या काय शिजून राहिलं."

आणि ती पिशवी घेऊन गाडीवर बसून मच्छीबाजारात गेलीसुद्धा. मी हो म्हटलं की नाही, ते मला अजून आठवत नाही.

सासर माझं ढिवरांचंच. बाबा जसा नदीवरचा, तसे माझे आजेसासरेही नदीवरचेच. पण सासऱ्यांना शहरात नोकरी लागली, त्यांनी गळ्यात माळ घातली आणि घरातून मच्छी गेली. जाळं गेलं, वास गेला, आणि हळूहळू नदीचं नावही घरात निघेना. तरी सासूबाई वाईट नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "घरात नको, पण माहेरी गेली की खात जाय, माहं काही म्हणणं नाही." आणि मी खात होते. दोन वर्षं प्रत्येक माहेरपणात मी पोट फुटेस्तोवर मच्छी खाल्ली. हे बाबालाही माहीत होतं. म्हणूनच नंतर जे झालं ते त्याला इतकं लागलं.

भावनानं आणलेली पिशवी मी सिंकमध्ये उघडली. रोहूचे तुकडे, दुकानातून साफ करून, कापून आलेले. तीस वर्षांनी मी मच्छीला हात लावत होते. वाटलं होतं अंगावर शहारा येईल, निदान पाप केल्यासारखं वाटेल. तसलं काही झालं नाही. हात नुसते घरी आल्यासारखे वागू लागले. अंगठा आपोआप तुकड्याच्या कडेवरून उलटा फिरला, राहिलेलं खवलं चाचपायला, आणि दुकानदाराचं खरंच एक राहिलं होतं. ते नखावर चिकटलं. नळाच्या पाण्यात ते चमकलं आणि मला एकदम कन्हान नदीच्या रेतीतली दुपार आठवली, पौषातली, पाणी खाली गेलेलं, रेती वरून कोमट आणि आत बोट घातलं की गार. बाबा पहाटेपासून जाळ्यावर असायचा. आई आणि मी भाकरी घेऊन जायचो, पण कोरड्यास न्यायचो नाही. ते तिथेच व्हायचं. बाबा काड्याकाटक्यांचा जाळ करायचा, निखारे झाले की ते पसरायचा, आणि काठावरच्या पळसाची दोन-तीन रुंद पानं तोडून आणायचा. पानावर मच्छी, तिच्या पोटात लसूण, हिरवी मिरची आणि चिंच, कडेनं शेजारच्या वाडीतली वांगी, टमाटे, असेल तर एखादं दोडकं. वरून दुसरं पान, त्याला वेलीनं बांधायचं आणि पुडकं गरम राखेत पुरून टाकायचं. वांगी मात्र तो आधी घालायचा, उघडीच, नुसत्या निखाऱ्यावर. "वांगं आळशी असते," तो म्हणायचा, "त्याले आगाऊ उठवा लागते." तेल कुठे होतं तेव्हा? तेलाची बाटली नदीवर कोण नेतं? बिनतेलाची मच्छी ही आम्हाला दवाखान्यानं शिकवायची गोष्ट नव्हती.

मी हळद, मीठ लावलं, लसूण, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाटला, चिंचेचा कोळ घातला. भावना मोबाइलमध्ये पाहून सांगत होती, आधी भाज्या दहा मिनिटं, मग त्यावर मच्छी बारा मिनिटं, दोनशेवर, मधात एकदा उलटायची. मी वांग्याच्या फोडी जाळीच्या खणात पसरल्या, टमाटे, दोडक्याच्या चकत्या, तिच्या आवडीची सिमला मिरची. यंत्र घुंईंईं करू लागलं. आत काय चाललंय ते दिसत नाही, वास येत नाही, काही फुटत नाही, तडतडत नाही. एखाद्या मोठ्या माणसानं बंद खोलीत बसून आपल्याबद्दल काही ठरवावं तसं. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. दहा मिनिटं हा फार मोठा वेळ असतो.

त्या वर्षी माझा सातवा महिना होता, पियुष पोटात. बाळंतपणाला कन्हानला आले होते. भाद्रपद संपत आला होता आणि वरच्या अंगाला कुठेतरी खूप पाऊस झाला. आमच्याकडे ऊन होतं. उन्हातला पूर फार वाईट. आभाळ निळं आणि नदी मात्र गढूळ, फुगलेली, झाडंच्या झाडं वाहून आणणारी. बाबाचं नवं जाळं खुंट्यांना बांधलेलं होतं. ते सोडवून आणतो म्हणून तो डोंगा घेऊन गेला. काठावरच्या लोकांनी पाहिलं की डोंगा आडवा झाला, मग उलटा झाला, मग नुसता डोंगाच दिसत राहिला. आई ओरडली नाही. ती अंगणात बसून तांदूळ निवडू लागली, आणि निवडलेले तांदूळ पुन्हा न निवडलेल्यांत मिसळून पुन्हा निवडू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं रिकामी परत आली आणि कोणी तरी हलक्या आवाजात बोललं की खालच्या पुलाशी लक्ष ठेवायला सांगितलं आहे. पुलाशी लक्ष कशासाठी ठेवतात ते नदीवरच्या पोरीला समजावून सांगावं लागत नाही. मी पोट धरून एकटी काठावर गेले. पाणी वाट सोडून आमच्या चिंचेपर्यंत आलं होतं. त्याला हात लावला आणि म्हटलं, कन्हानमाय, माह्या बाबाले घरी येऊ दे, तुही लेकरं मी कधी तोंडात घालणार नाही. मोठ्यानं म्हटलं नाही. आई लहानपणापासून सांगायची, नवस बोलून दाखवला की उतरतो, मग देणाऱ्यानं दिलेलं परत नेलं तरी तक्रार करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा आला. नदीच्या बाजूनं नाही, रस्त्याच्या बाजूनं, कोळशाच्या ट्रकमधून. दोन कोसांवर बाभळीत अडकला होता, तिथल्या लोकांनी ओढून काढला, तापात त्यांच्याच घरी पडून राहिला आणि जरा शुद्ध आल्यावर खाणीच्या ट्रकवाल्याला हात करून निघाला. डोळे सोडून सगळा काळा. "पाण्यात नाई बुडालो," तो म्हणाला, "कोळशात बुडालो." सगळा मोहल्ला हसला आणि सगळा मोहल्ला रडला. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी मरळ आणून दिली. आईनं वांगं घालून रस्सा केला. बाबानं आपल्या हातानं मधली तुकडी माझ्या ताटात वाढली, आणि मी ती हळूच कडेला सारली. "काहून वं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नको बाबा. सोडलं मी." तो माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, सासरच्यांनी डोहाळजेवणाला भरलेल्या. त्या बांगड्यांकडे पाहत तो म्हणाला, "नागपूरचं पाणी लागलं पोरीले."

तेवढंच. पण त्यानंतर तीस वर्षं तो तेवढंच बोलत राहिला. वेगवेगळ्या तऱ्हांनी. मी माहेरी गेले की मच्छी व्हायचीच, आणि मधली तुकडी बाजूला ठेवून तो म्हणायचा, "ठेवतो बाप्पा, साहेबीनबाईचं मन झालं तं." ती तुकडी शेवटी आई खायची. मग आई गेली आणि तुकडी मांजर खाऊ लागलं. माझ्या घरी तो यायचा तर दारातच बसायचा, चहा घ्यायचा, म्हणायचा, माह्या अंगाचा वास तुमच्या सोफ्याले लागन. आमचे हे खूप आग्रह करायचे, पण तो कधी जेवला नाही. मी एकदा, फक्त एकदा, सांगायच्या अगदी जवळ आले होते. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच अंगणात होतो. तो म्हणाला, "तुह्या मायले तुह्या हातची मच्छी खायची लय इच्छा होती." माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण त्याच क्षणी तो खोकला, नुसता साधा खोकला, आणि मला वाटलं, बघ, नुसतं तोंड उघडलं तर हा खोकतो, बोलले तर काय होईल. जिवंत बाप रागावलेला परवडतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि घरी येऊन गुरुवारही धरला.

यंत्रानं टिंग केलं. खण ओढला तर वांग्याच्या कडा करपल्या होत्या, पोटं मऊ झाली होती. आता मच्छी ठेवायची. आणि तेव्हा माझ्या हातानं, मला न विचारता, ओट्याखालचा खण उघडला. देवाच्या नैवेद्याला मी पळसाच्या पत्रावळी आणून ठेवते. एक काढली, टाके उसवले, सगळ्यात रुंद पान ओल्या फडक्यानं पुसलं आणि भाजीवर पसरून त्यावर तुकडे मांडले. भावना पाहत होती. "आई, कागद आहे ना त्याचा," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे." मला एकदम फार बरं वाटत होतं. खण आत सरकवला.

राखेत वारा नसतो, हे मी विसरले होते. राख पान दाबून धरते; हे यंत्र चालतंच वाऱ्यावर. सात-आठ मिनिटं झाली असतील, आत काहीतरी फडफडल्यासारखं वाजलं, आणि मागच्या जाळीतून निळसर धूर आला. पानाचं मोकळं टोक वर उडून तापलेल्या तारेला चिकटलं होतं. "आई, धूर," भावनानं पळत येऊन बटण बंद केलं, प्लग ओढला, खिडकी उघडली. मी खण बाहेर काढला. मच्छी चांगली होती; पानाची अर्धी कड जळून काळी झाली होती आणि तिचा वास, कडवट, गोड, धुळीसारखा, सगळ्या घरात गेला होता. मला मेल्यासारखं झालं. "काय केलं मी हे," मी म्हटलं. भावना चिमट्यानं पान ओढून काढत म्हणाली, "चार मिनिटं अजून लावू, होते. मशीन नाही मरत एवढ्यानं."

आणि स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभा होता. भिंतीला हात धरून, धोतर एका बाजूनं सुटलेलं. मागून हे धावत आले, त्यांच्या हातात अजून पेपर होता. "अगं, एकटेच उठले," ते म्हणाले. "मी पाहतच राहिलो." बाबानं कोणाकडे पाहिलं नाही. नाक वर करून त्यानं एकदा श्वास घेतला, मग भिंतीला टेकत टेकत खाली फरशीवर बसला, मांडी घातली, सुटलेलं धोतर नीट केलं.

"वाढा बाई," तो म्हणाला. "पान जळालं म्हंजे झाली मच्छी."

भावनानं चार मिनिटं लावली, मी थाळी पुसली, घडीची पोळी कुस्करून मऊ केली. मग मधली तुकडी, बाजूला वांगं, टमाटा. मी थाळी त्याच्यासमोर ठेवली आणि तिथेच बसले. त्यानं थाळीकडे पाहिलं. वाफेवर त्याचा चेहरा जरा सैल झाला. पण हात मांडीवरच होते.

"खा ना," मी म्हटलं.

"तुमी?"

"मी नंतर."

"नंतर कायले? जिनं रांधलं तिनं आंधी."

हे मी साफ विसरले होते. आमच्या घरात मच्छीचा पहिला घास रांधणारीचा. एरवी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पण मच्छीच्या दिवशी बाबासकट सगळे थाळ्या पुढे घेऊन थांबायचे आणि आई पहिला घास खायची. माझी मावशी म्हणायची, पुरात मच्छी कोणत्या पाण्यातून आली कोणाला माहीत, म्हणून रांधणारीनं खाऊन दाखवावं. आई म्हणायची, ते सारं खोटं; असं नसतं केलं तर बाईच्या वाट्याला नुसतं मुंडकंच आलं असतं. कारण काही असो, आईनं घास गिळल्याशिवाय बाबाचा हात थाळीला लागलेला मी पाहिला नव्हता. आणि आता त्याच्या डोक्यातून माझं नाव गेलं होतं, दिवस गेला होता, घर गेलं होतं, पण हे राहिलं होतं.

"आजोबा, मी खाते आधी," भावना खाली बसत म्हणाली.

"तू रांधलं का, बाई?"

भावनाला खोटं बोलता येत नाही. "मी मशीन लावली."

"मंग मशीनले खाऊ घाल."

ह्यांना हसू आलं. मी मच्छीशेजारची वांग्याची फोड उचलली. तिच्यात मच्छीचं पाणी उतरलं होतं. तीस वर्षांच्या नवसाच्या मानानं तेही पुष्कळ होतं. मी ती तोंडाजवळ नेली. बाबा माझ्या हाताकडे बघत होता. "वांगं तं बकरी बी खाते," तो म्हणाला. मी फोड खाली ठेवली. त्यानं थाळी दोन बोटं पुढे सरकवली, माझ्या दिशेनं, आणि हात पुन्हा मांडीवर घेतले. तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड मी सव्वीस दिवस पाहत होते. उद्या सोमवार.

त्याच्या जिवासाठी मी तोंड बंद केलं होतं, आणि आता मी तोंड उघडलं नाही तर तो उघडणार नव्हता. कोणाला विचारावं? देव्हाऱ्यातला दिवा इथून दिसत होता, शांत, काहीच न सुचवणारा.

"माही पोरगी बी अशीच," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मोठ्या घरी गेली. बापाच्या हातची तुकडी कडेले सारे. वास येत असन तिले."

"वास नव्हता येत," मी म्हटलं.

"तुमाले काय मालूम?"

"मला तिनं सांगितलं." माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "तिनं नवस केला होता. पुरात तुम्ही गेले होते ना, तीन दिवस. तिनं कन्हानमायले म्हटलं, बाबाले घरी येऊ दे, तुही लेकरं तोंडात घालणार नाही."

ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मी वाट पाहत होते, तो खोकतो का, छातीला हात लावतो का. बाबा फरशीकडे पाहत होता. ओठ हलत होते, जणू काही तरी परत परत निवडत होता.

"मले नाई सांगतलं," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं की उतरते म्हणतात."

"तुमाले बरं सांगतलं." त्यात थोडा राग होता, जुना, ओळखीचा. "पोरी बाहेरच्यायलेच सांगतात."

बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. त्यानं डावा हात, तो ढिला हात, उचलून थाळीच्या कडेला ठेवला.

"भेटली तं सांगजा तिले," तो म्हणाला. "आला म्हना तुहा बाप. कवाचाच आला घरी. आता खाय म्हना."

मी तुकड्याच्या कडेनं घास तोडला आणि तोंडात घातला. आधी चिंच लागली, मग लसूण, मग त्याच्या खालून ती चव आली, जिला नदीशिवाय दुसरं नाव नाही. डोळे भरले म्हणून चव पुसट झाली, मी ते पुसले. तीस वर्षांत जीभ काटा काढायचं विसरली होती. घास फिरवता फिरवता एक काटा हिरडीत रुतला आणि मी तोंडावर हात धरला. भावना पाणी आणायला उठली. बाबा मात्र पहिल्यांदाच मनापासून हसला.

"सवय नाई वाटते तुमाले," तो म्हणाला. त्यानं थाळी पुन्हा आपल्याकडे ओढून घेतली, उजव्या हाताच्या बोटांनी मच्छी उकलली, मधला मोठा काटा उचलला, कडेचे बारीक काटे एक-एक करून थाळीच्या काठाला लावले, आणि साफ केलेला एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. दुसरा त्यानं आपल्या तोंडात घातला. "हळू खाजा, बाई," तो चावत चावत म्हणाला. "नव्या दिसता."